तीन व्याह्यांचा करार

दोन घराण्यांची सोयरीक जुळवणारी माणसे गावोगाव सापडतात. पण सरकारी खात्यांची सोयरीक जुळवून ती नांदती ठेवणारा माणूस या भूतलावर एकच झाला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. आम्ही भाचरे त्यांना आतोबा म्हणत असू. पुढे रस्ते खात्याचे ओव्हरसियर, दवाखान्याचे डॉक्टर आणि जंगल खात्याचे रेंजर हे तिघेही त्यांना आतोबाच म्हणू लागले, तेव्हा आत्या म्हणाली, "एवढे भाचे मी माहेराहून आणले नव्हते." आतोबांची उंची अशी की आमच्या ओटीवर येताना त्यांना वाकावे लागे, आणि पगडी अशी की वाकूनही उपयोग होत नसे. गावाने केव्हाच टोप्या घातल्या होत्या; आतोबांनी पगडी सोडली नाही. ते दारात उभे राहिले की घरच्या बाईने आधी अक्षतांची वाटी शोधावी आणि मग कोण आले आहे ते विचारावे, असा त्यांचा थाट.

मी स्वभावाने अपराधी माणूस आहे. शेजारच्यांचे दूध उतू गेले तरी आपणच लक्ष द्यायला हवे होते असे मला वाटते. म्हणून आतोबांवर लिहिताना आधीच कबूल करतो की त्यांच्या ज्या कारभारात मी कित्येक वर्षे मदतनीस होतो, तो मला तेव्हा समजला नाही आणि आता पंचेचाळिशी उलटल्यावरही नीट समजलेला नाही. वाचकांना समजला तर त्यांनी मला कळवू नये. आणखी वाईट वाटेल.

गोष्ट जर्मन लढाई संपल्यानंतरची. कर्जतहून खालापूरकडे जाताना आमचे गाव लागते. गावात तीन कचेऱ्या होत्या. रस्ते खात्याकडे एक छकडा आणि बैलजोडी होती, पण बैलांना घालायला पुरेसे गवत नव्हते. जंगल खात्याकडे गवताचे डोंगर होते, पण त्यांचे राखे, म्हणजे रखवालदार, बारा महिने हिवतापाने कुडकुडत असत. दवाखान्यात औषध होते, डॉक्टर होते, पण डॉक्टरांचा देह असा की डोंगरकडच्या वाड्यांवर सारी वाट पायी जाणे त्यांना शक्य नव्हते. तेव्हा कोणा वरच्या साहेबाने ठरवले की तिन्ही खात्यांनी करार करावा. एकाने गाडी द्यावी, एकाने गवत द्यावे, एकाने औषध द्यावे, आणि दर गुरुवारी डॉक्टरांनी गाडीत बसून वाड्यांवर फेरी करावी. इतकी ही सोपी गोष्ट. ती एका वकिलाने लिहून काढली आणि त्यानंतर ती कोणालाच कळेनाशी झाली. त्या करारातले पहिले वाक्य पानाच्या पाठीमागे जाऊन संपत असे, आणि संपल्यावर कोण कोणाला काय देणार होते ते आठवत नसे. कराराची व्यवस्था पाहायला कोणी तरी वजनदार गृहस्थ हवा म्हणून तालुक्याच्या कचेरीतून नुकतेच निवृत्त झालेले आतोबा नेमले गेले, आणि मी रस्ते खात्यातला कारकून म्हणून त्यांच्या दिमतीला.

आतोबांनी करार एकदा वाचला, घडी घालून खुंटीवरच्या कोटाच्या खिशात ठेवला आणि पुन्हा कधी बाहेर काढला नाही. "दत्तू," ते मला म्हणाले, "करार म्हणजे सोयरीक. अटी लिहून कोणाचा संसार झालाय? मानपान सांभाळला की बाकी सगळं आपोआप होतं." आणि त्यांनी तिन्ही खात्यांना व्याही करून टाकले. लग्नात पक्ष दोन असतात, इथे तीन; पण आतोबा अडले नाहीत. दवाखान्याला गाडी हवी, म्हणून दवाखाना वधूपक्ष आणि रस्ते खाते वरपक्ष. रस्ते खात्याला गवत हवे, म्हणून तिथे रस्ते खाते वधूपक्ष आणि जंगल खाते वरपक्ष. जंगल खात्याला औषध हवे, म्हणून तिथे जंगल खाते वधूपक्ष आणि दवाखाना वरपक्ष.

"म्हणजे आतोबा, खरा वरपक्ष कोणता?"

"जो तो."

"आणि वधूपक्ष?"

"तोही जो तो. मान मिळाला नाही असा एकही माणूस उरत नाही, बघ. आमच्या कचेरीत ही युक्ती कोणाला सुचली असती तर अर्धे तंटे वाचले असते."

"पण मग सुरुवात कुठून व्हायची?"

"तुझं लग्न झालंय ना रे? मग तुला हे कळायला हवं."

माझे लग्न झाले होते. तरी कळले नाही.

वरपक्ष बोलावणे आल्याशिवाय पानावर बसत नाही, ही रीत सर्वांना ठाऊक आहे. आतोबांनी ती कचेऱ्यांना लावली. दर गुरुवारी सकाळी स्नान करून, काळा कोट आणि उपरणे घालून, चांदीच्या वाटीत अक्षता घेऊन ते निघत. रेंजरसाहेबांच्या वतीने डॉक्टरांना बोलावणे, डॉक्टरांच्या वतीने ओव्हरसियरांना बोलावणे, ओव्हरसियरांच्या वतीने रेंजरांना बोलावणे. कोणाकडे आधी जायचे ते दर खेपेला निराळे असे, आणि ते का निराळे असे हे मी विचारले तर ते म्हणत, "वारा बघायचा असतो." मी मागून छत्री घेऊन चालत असे आणि वारा बघत असे. मला वारा एकाच दिशेचा वाटे. पण फेरी संपेपर्यंत गवत गाडीत पडलेले असे, बैल जुंपलेले असत आणि डॉक्टर आपल्या पेटीसह गाडीत चढवले जात असत. चढवले असेच म्हणायला हवे. त्याला तिघे लागत.

पहिल्या वर्षी साऱ्या गावाने हसून घेतले. दुसऱ्या वर्षी असे दिसले की हे तिन्ही अधिकारी, ज्यांचे पूर्वी रस्त्यात एकमेकांकडे बघणेही नव्हते, ते आता एकमेकांवर रुसू लागले आहेत. आतोबांना याचा परम आनंद झाला. "रुसले म्हणजे नातं बसलं," ते म्हणाले. "परक्यावर कोण रुसतं?" संक्रांतीला आत्याने तिळाचे लाडू वळून तिन्ही कचेऱ्यांत पाठवले, तेव्हा रेंजरांना आपला लाडू लहान वाटला आणि दोन दिवस गवताचा भारा सुटला नाही. आतोबा समजूत काढायला गेले ते दुपारी परतले आणि आत्याला म्हणाले, "अगं, पुन्हा एक घाणा कर. या खेपेला सगळे सारखे."

"माझ्या लेकीच्या लग्नात विहिणीने इतका छळ केला नव्हता," आत्या म्हणाली. "तुमच्या त्या जंगलवाल्याला म्हणावं, घरी येऊन स्वतःच वळ."

आतोबांनी हा निरोप रेंजरांना पोचवला. तो असा पोचवला: "आमच्या मंडळींची फार इच्छा आहे की आपण एकदा घरी यावं." रेंजर सहकुटुंब जेवायला आले. आत्याने पुरणपोळी केली आणि आतोबांशी चार दिवस बोलली नाही.

निरोप मऊ करणे ही तर त्यांची विद्याच होती. या तोंडातून त्या कानात जाताना शब्द त्यांच्याकडे थोडा वेळ मुक्कामाला राहत आणि तूप लावून बाहेर पडत. एकदा गाडीतून उतरताना डॉक्टर कंबर धरून ओरडले, "या ओव्हरसियराला आधी या गाडीला बांधून डोंगरावर फिरवा, म्हणजे कळेल रस्ते कसे आहेत ते!" आतोबा ओव्हरसियरांना म्हणाले, "डॉक्टरांची इच्छा आहे की एखाद्या गुरुवारी आपणही त्यांच्यासोबत फेरीला यावं. आपली संगत त्यांना आवडते." ओव्हरसियर भारावून गेले आणि पुढच्या गुरुवारी फराळाचा डबा घेऊन गाडीत येऊन बसले. वाटेत दोघांत काय झाले ते गाडीवानाला विचारायला हवे. पण परतल्यावर आठ दिवसांच्या आत त्या वाटेवर मुरूम पडला. मला आजही ठरवता येत नाही की आतोबा खोटे बोलत होते की खरे. मी एकदा तसे विचारले, तर ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "मनात तेच होतं त्यांच्या. तोंडात चुकून दुसरं आलं."

असे ते चालले होते. कचेऱ्यांना कराराची कलमे आठवत नव्हती, सुरुवात कुठून होते ते आतोबांखेरीज कोणाला ठाऊक नव्हते, आणि गाडी दर गुरुवारी जात होती.

मग एका उन्हाळ्याच्या अखेरीस आतोबांना हिवताप आला. अंगावर तीन गोधड्या घालून ते माजघरात पडले होते. त्याच दिवशी सकाळी कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका ठाकूरवाडीतून गोमा नावाचा माणूस दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसला. वाडीला डॉक्टर नेहमी जात, म्हणून गोमा आम्हाला ओळखीचा. तो धावत आला होता. बोलताना त्याला दम पुरत नव्हता.

"वाडीत वाखा आलाय, दादा. माजी आय पडलीय, माजा भाव पडलाय. पानी प्यायलं की उलटतंय. डाक्टरला घेऊन चला रं."

वाखा म्हणजे पटकी. डॉक्टर तसेच उठले, पेटी भरली, विहिरीत टाकायची लाल पूड घेतली, बूट चढवले. त्यांच्यात कसूर नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. मला म्हणाले, "दत्तोपंत, गाडी आणा. पण थांबा, आज गुरुवार नाही. जंगल खात्याचं बोलावणं आलं का? ते आलं की मी रस्ते खात्याला बोलावणं धाडायचं, अशी रीत आहे ना? मला बुवा त्यातलं काही कळत नाही, पण आतोबा आजारी असताना त्यांची घडी मोडायला नको. रेंजर आधीच गेल्या आठवड्यापासून रुसलेत."

मी रेंजरांकडे गेलो. रेंजर अतिशय नम्रपणे म्हणाले, "गवत बांधून तयार आहे. आम्ही डॉक्टरांना बोलावणं करणार नाही असं कसं होईल? रस्ते खात्याचं आमच्याकडे आलं की लगेच निघतो. आधी घेतल्याशिवाय कसं द्यायचं? आतोबांनीच शिकवलंय."

मी ओव्हरसियरांकडे गेलो. बैल दावणीतून सोडून उभे केले होते. "डॉक्टरांकडून बोलावणं आलं का?" त्यांनी विचारले.

"डॉक्टर तयार आहेत."

"तयार असतील हो. बोलावणं आलं का? तुम्ही तर आमच्याच खात्याचे. तुमच्या हातून आलेलं बोलावणं म्हणजे आम्हीच आम्हाला बोलावल्यासारखं. गाडी फुकट मागून नेली असं उद्या डॉक्टरच म्हणतील, आणि मग आतोबांना तोंड कसं दाखवायचं?"

मी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. पुन्हा रेंजरांकडे. प्रत्येकाला वाटत होते की बाकीचे दोघे निघालेच आहेत, फक्त आपल्यापर्यंत निरोप यायचा राहिला आहे. आणि प्रत्येक जण कोट घालून आपापल्या ओट्यावर वाट बघत होता. दुष्टपणा कोणाचाच नव्हता. उलट इतके सौजन्य मी तिन्ही कचेऱ्यांत एका दिवशी कधी पाहिले नव्हते. ऊन डोक्यावर आले आणि कलले. मला कोणत्या कचेरीत काय सांगायचे ते उमजेना. एकदा तर मी रेंजरांकडे जाऊन रेंजर तयार आहेत असे सांगून आलो. दवाखान्याच्या पायरीवर गोमा तसाच बसून होता. मी तिसऱ्यांदा समोरून गेलो तेव्हा त्याने विचारले, "कुनाची वाट बघतायत, दादा?"

तेव्हा मी त्याला हाताला धरून आतोबांकडे नेले. आत्या दारात आडवी आली. "त्यांना उठवायचं नाही. तापाने बडबडतायत." पण आतून आवाज आला, "कोण आहे गं?" गोमाने दारातूनच सारे सांगितले. मग आतोबांनी मला विचारले, "आणि गाडी?"

मी तिन्ही कचेऱ्यांचे निरोप सांगितले. जसेच्या तसे सांगितले. मला मऊ करता येत नाहीत.

आतोबा उठले. पगडी घातली नाही, कोट घातला नाही. एक गोधडी अंगाभोवती होती तीच. उघड्या डोक्याचे आतोबा मी जन्मात प्रथम पाहिले. गोमाच्या खांद्यावर हात टाकून ते थरथरत रस्ते खात्याच्या आवारात गेले, तिथे उभ्या गाडीत स्वतः चढले आणि ओव्हरसियरांना म्हणाले, "जुंपा."

"आतोबा, पण बोलावणं..."

"या माणसाने केलं ना! सकाळपासून करतोय. लग्न याच्या घरचं आहे, आणि तुम्ही तिघे वरपक्ष म्हणून कोणाच्या मांडवात बसलात?"

ओव्हरसियरांनी स्वतः बैल जुंपले. वाटेत रेंजरांनी गवताचा भारा धावत आणून गाडीत टाकला आणि भाऱ्यामागोमाग स्वतः चढले. डॉक्टरांना चढवायला या खेपेला कोणी लागले नाही. गाडीत कोणीही कोणाला मान दिला नाही, जागा मिळेल तसे सारे बसले. कोंडाण्यापर्यंत पोचेतो दिवस बुडाला; पुढे अंधारात चढता येईना म्हणून गावात थांबून, उजाडता उजाडता आम्ही पायवाटेने वाडीवर चढलो. आतोबांना गाडीतच ठेवायचे ठरले होते. ते गोमाच्या आधाराने मागून आलेच.

गोमाची आई जगली. वाडीत आणखी कित्येक जण जगले, कारण विहिरीत पूड पडली आणि डॉक्टर तीन दिवस तिथून हलले नाहीत. पण गोमाचा भाऊ आम्ही पोचण्यापूर्वीच गेला होता. डॉक्टरांनी आतोबांना बाजूला घेतले आणि हळू आवाजात म्हणाले, "काल दुपारी पोचलो असतो, तरी काही सांगता आलं नसतं."

"डॉक्टर," आतोबा म्हणाले, "हे वाक्य माझ्या घरचं आहे. मी ओळखतो ते."

त्यानंतर त्यांनी अक्षतांची वाटी आत्याच्या देव्हाऱ्यात ठेवून दिली. दवाखान्याबाहेर एक घंटा टांगली गेली. ती वाजली की ज्याने त्याने, कोणाची वाट न बघता, आपापले घेऊन यायचे. एवढे एकच कलम. ते मलासुद्धा समजले. व्याहीपणा संपला, लाडू संपले, रेंजरांनी रुसणे सोडले. आतोबांना आता काही काम उरले नव्हते, तरी दर गुरुवारी ते गाडीत गवतावर बसून जात. डॉक्टर घरोघर फिरत, मी औषधे देई, आणि आतोबा गोमाच्या झोपडीबाहेर जाऊन बसत. साऱ्या तालुक्याची समजूत काढलेला माणूस, पण त्या म्हातारीपुढे त्यांना एक शब्द सुचत नसे. एकदा तिनेच विचारले, "कशापाय येतोस रं येवढ्या लांब?"

"सहज," आतोबा म्हणाले.

तिने आत जाऊन पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यापुढे ठेवला. त्या काळी आमच्याकडचा माणूस ठाकराच्या घरचे पाणी पीत नसे. आतोबांनी तांब्या दोन्ही हातांनी उचलला आणि रिकामा केला. दुसऱ्या गुरुवारपासून ती न विचारता पाणी ठेवू लागली. अशी काही वर्षे गेली.

आतोबा गेल्यावर करार माझ्याकडे आला. गाडी वेळेवर निघते, वेळेवर परतते, तक्रार येत नाही. नवे डॉक्टर नव्या रेंजरांना चेहऱ्याने ओळखतात की नाही, याची मला शंका आहे. आतोबा गेले त्या आठवड्यात फेरी चुकली. त्याच्या पुढच्या गुरुवारी मी वाडीवर गेलो. म्हातारी दारातच होती. तिने माझ्या पाठीमागे पायवाटेकडे पाहिले.

"तो उंच म्हातारा नाय आला?"

आतोबा असते तर त्यांनी हेही मऊ करून सांगितले असते. मी म्हणालो, "आता ते येणार नाहीत, आजी."

ती आत गेली, तांब्या घेऊन आली, आणि ते जिथे बसत त्या जागेवर हाताने धूळ झाडून म्हणाली, "मग तू तरी बस जरा."

खाली गाडीवान हाका मारीत होता. निघण्याची वेळ झाली होती, आणि वेळ पाळण्याची जबाबदारी माझी होती. मी बसलो.